आकाशातला वजनकाटा



उसाचे वजन कसे होते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. भरलेली गाडी काट्यावर येते, आकडा पडतो. गव्हाणीपाशी रिकामी होऊन ती पुन्हा काट्यावर येते, दुसरा आकडा पडतो. दोन्हींतला फरक म्हणजे आपला ऊस. गाडीवर चढून कांड्या मोजत कोणी बसत नाही. जमिनीतल्या पाण्याचेही असेच वजन करता येते आणि २००२ सालापासून ते जवळजवळ दर महिन्याला होत आले आहे, असे सांगितले तर पुष्कळांना ती थाप वाटेल. गटातल्या एका बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एका वडीलधाऱ्या सभासदांनी विचारलेच, "मग साहेब, विहिरीवर काटा बसवायचा कुठं?" काटा विहिरीवर नाही, आकाशात आहे. त्याची हकीकत या अंकात देत आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. उपग्रह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे फोटो येतो. लागणीचे क्षेत्र तपासायला, पिकाची वाढ बघायला उपग्रहाचे फोटो वापरतात हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण फोटोत येते ते वरचे. पन्नास फूट खालचे पाणी कोणत्याही कॅमेऱ्याला दिसत नाही. मी ज्या उपग्रहांबद्दल लिहितो आहे ते फोटो काढतच नाहीत. ते जमिनीकडे बघतसुद्धा नाहीत, एकमेकांकडे बघतात.

प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूला आपल्याकडे ओढते, हे न्यूटनने १६८७ साली छापून सांगितले. वस्तू जितकी जड तितकी ओढ जास्त, आणि जितकी लांब तितकी कमी. पृथ्वी आपल्याला ओढते म्हणून आपण जमिनीवर आहोत. आता ही पृथ्वी जर चेंडूसारखी एकसारखी गोल आणि आतून एकजिनसी असती, तर तिची ओढ सगळीकडे सारखीच भरली असती. तसे नाही. मध्यापासून ध्रुवापर्यंतचे अंतर ६,३५७ किलोमीटर, तर विषुववृत्तापर्यंतचे ६,३७८. म्हणजे ती मध्ये २१ किलोमीटर फुगलेली आहे. त्यामुळे आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे स्प्रिंगच्या काट्यावर विषुववृत्तावर १ क्विंटल भरलेले पोते तोच काटा घेऊन ध्रुवावर गेलात तर सुमारे अर्धा किलो जास्त भरेल. तराजूत मात्र फरक पडणार नाही, कारण दुसऱ्या पारड्यातली मापेही तितकीच जास्त ओढली जातात. (काट्याबद्दल तक्रार असणाऱ्यांनी यातून भलता अर्थ काढू नये. आपला काटा, आपला ऊस आणि काट्याची तपासणी, तिन्ही एकाच गावी आहेत.)

सर्व्हे करणाऱ्यांना ही गोष्ट फार पूर्वी नडली. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानची मोठी मोजणी चालू असताना मध्य प्रदेशातले कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचे कलियाना (तोही उसाचाच मुलूख) या दोन ठिकाणांमधले अंतर दोन रीतींनी काढले. एकदा जमिनीवर त्रिकोण टाकत, एकदा ताऱ्यांवरून. दोन्ही उत्तरांत दीडशे मीटरच्या वर फरक आला. ताऱ्यांचे माप घ्यायला ओळंबा लागतो आणि ओळंबा सरळ खाली लोंबतो असे आपण धरून चालतो. कलियानाला तो हिमालयाकडे किंचित ओढला जात होता. कलकत्त्याचे प्रॅट नावाचे पाद्री गणिती होते. त्यांनी १८५५ साली हिमालयाच्या ओढीचा हिशेब केला, तर ओळंबा प्रत्यक्षात हलला त्याच्या जवळजवळ तिप्पट हलायला हवा होता. एवढा मोठा डोंगर वजनाला कमी भरला! डोंगराखाली खोलवर हलका खडक असतो, ही कल्पना या कोड्यातून निघाली.

असाच प्रकार समुद्रात आहे. शेत सपाट करताना आपण पाणसळ लावतो. समुद्र ही सर्वांत मोठी पाणसळ. लाटा, वारा आणि भरती-ओहोटी बाजूला ठेवली, तर समुद्राचे पाणी ओढीच्या मापाने जिथे स्थिर होईल ती पृथ्वीची खरी 'पातळी'. ही पातळी कन्याकुमारी आणि श्रीलंकेच्या दक्षिणेला, हिंदी महासागरात, हिशेबाने असायला हवी त्याच्या शंभर मीटरहून जास्त खाली आहे. जगात एवढी मोठी बशी दुसरी नाही. तरी तिच्यातून जाणाऱ्या जहाजाला उतार कळत नाही आणि आजूबाजूचे पाणी तिच्यात वाहून येत नाही, कारण पाणसळीला तीच पातळी सपाट आहे. तिथे पृथ्वीच्या पोटातला माल हलका असल्याने ओढच कमी पडते.

हे झाले कायमचे चढउतार. आपला मुद्दा निराळा आहे. डोंगर या महिन्यातून त्या महिन्यात हलत नाही. मग एखाद्या मुलखाची ओढ मार्चमध्ये एक आणि सप्टेंबरमध्ये दुसरी भरली, तर मधल्या काळात तिथे कशाची भर पडली? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच, पाण्याची. डोंगर, खडक आणि माती ही रिकाम्या गाडीची टेअर. पाणी हा माल.

अमेरिका आणि जर्मनीच्या अवकाश संस्थांनी १७ मार्च २००२ रोजी रशियातून 'ग्रेस' नावाची उपग्रहांची जोडी सोडली. दोन्ही अगदी सारखे, एकाच वाटेने, एकामागे एक. सुरुवातीला उंची सुमारे ५०० किलोमीटर, दोघांमधले अंतर सुमारे २२० किलोमीटर. पुढचा गेल्यावर साधारण अर्ध्या मिनिटाने मागचा त्याच जागेवर येणार. शास्त्रज्ञांनी त्यांना 'टॉम आणि जेरी' म्हणायला सुरुवात केली, ते मुलांच्या सिनेमातले मांजर-उंदीर. मला मात्र आपल्या बैलगाड्याच आठवतात.

रात्री ऊस घेऊन कारखान्याकडे येणाऱ्या दोन गाड्या डोळ्यांपुढे आणा. मध्ये शंभर पावलांचे अंतर. रस्ता सपाट आहे तोवर अंतर तेवढेच राहते. ओढ्याचा उतार लागला की पुढची गाडी आधी धावते, अंतर वाढते. मग मागची उताराला लागते आणि पुढची चढाला लागून मंदावते, अंतर घटते. गाडीत कोणी डोळे मिटून पडला असेल आणि त्याला नुसते दोन गाड्यांमधले अंतर सांगत राहिले, तरी उतार कुठे आणि चढ कुठे हे तो बिनचूक सांगेल. ग्रेसचे काम नेमके असेच. खाली जड मुलूख आला की पुढचा उपग्रह आधी ओढला जातो, अंतर वाढते. मग मागचा पुढे ओढला जातो आणि पुढे गेलेला मागे खेचला जातो, अंतर घटते. दोघे एकमेकांकडे सतत रेडिओलहरी सोडून हे अंतर मोजत राहतात. २२० किलोमीटरांत माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाएवढा फरक पडला तरी तो त्यांना कळतो. हे वाचून माझाही विश्वास बसेना, पण आकडा खरा आहे.

दिवसाला पंधराएक फेऱ्या होतात. पृथ्वी खाली फिरत असल्यामुळे प्रत्येक फेरी नव्या मुलखावरून जाते आणि महिन्याभरात सगळी पृथ्वी झाडून निघते. मग त्या महिन्याचा एक नकाशा तयार होतो. हवेच्या दाबात बदल झाला की हवेचेही वजन बदलते, समुद्राची भरती-ओहोटी असते, या सगळ्यांची वजावट आधी करावी लागते, जशी आपण मोळी बांधायच्या वाढ्यांची घट धरतो तशी. कॅनडाच्या आणि स्वीडनच्या उत्तरेला तर हजारो वर्षांपूर्वी वितळलेल्या बर्फाचा भार उतरल्यामुळे जमीन अजून वर येते आहे, काही ठिकाणी वर्षाला सुमारे १ सेंटिमीटर. तीही वजावट.

ग्रेसची जोडी पाच वर्षांसाठी बनवली होती, ती पंधरा वर्षे चालली. २०१७ साली एकीची बॅटरी गेली आणि काम थांबले. तिची जागा घेणारी दुसरी जोडी २२ मे २०१८ रोजी सोडण्यात आली. मध्ये काही महिन्यांचा खंड पडला, तो पडलाच.

आता आपल्या देशाचा हिशेब. ग्रेसच्या आकड्यांवरून राजस्थान, पंजाब, हरियाणा आणि दिल्ली या भागाचा अभ्यास रॉडेल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००९ साली 'नेचर' साप्ताहिकात प्रसिद्ध केला. ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात तिथल्या जमिनीच्या पोटातून दरवर्षी सरासरी १७.७ घन किलोमीटर पाणी भरून न येता कमी झाले. एकूण १०९ घन किलोमीटर. आपल्या भाषेत सांगायचे तर वर्षाला सुमारे ६२५ टीएमसी. कोयनेची साठवण १०५ टीएमसी धरली, तर दरवर्षी सहा कोयना धरणे रिकामी झाली आणि पुन्हा भरलीच नाहीत. आणि हे दुष्काळात झालेले नाही. त्या वर्षांत तिथला पाऊस सरासरीच्या जवळपास होता.

याच आकड्याची दुसरी बाजूही बघा. एवढे पाणी त्या सगळ्या मुलखावर सारखे पसरले तर त्याचा थर वर्षाला फक्त ४ सेंटिमीटर होतो. एकरी हिशेब काढला तर १ लाख ६० हजार लिटर. आपण सरीला पाणी देतो तेव्हा एका पाळीला तीन इंच पाणी सहज बसते, म्हणजे एकरी ३ लाख लिटर. तेव्हा पंजाब-हरियाणाची तूट वर्षाला उसाच्या एका पाळीच्या जेमतेम निम्मी! मला या सगळ्या अभ्यासात हीच गोष्ट सर्वांत जास्त बोचली. वर्षभरात इतक्या पाळ्या द्यायच्या, त्यात अर्धी पाळी इकडे की तिकडे, कोण मोजतो? पण ती अर्धी पाळी पावसाने दिलेल्या पाण्याच्या वरची असली आणि गावेच्या गावे तेच करीत असली, की वर्षाला सहा धरणे जातात.

तिथे भात आणि गव्हाची जोडी बसली, विंधन विहिरी वाढल्या, शेतीची वीज स्वस्त किंवा फुकट झाली. पाणी उतरते आहे हे विहिरीवरच्या माणसाला आधीच दिसत होते. दर दोन-चार वर्षांनी मोटार खाली सोडावी लागत होती. पंजाब सरकारने २००९ साली कायदा करून भाताची रोपणी ठरावीक तारखेच्या आधी करायला बंदी घातली, ती यासाठीच. ऐन उन्हाळ्यात रोपणी केली की पाण्याची वाफ फार होते. कायद्याने पाण्याचे उतरणे थांबले असे मात्र नाही.

या काट्याची मला आवडलेली गोष्ट अशी, की त्याच्यापुढे कोणाची सारवासारव चालत नाही. राज्याची हद्द, देशाची सीमा, कोणी आकडा दिला की दडवला, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. ग्रीनलंडचे बर्फ वर्षाला सरासरी २७० अब्ज टनांच्या आसपास कमी होते आहे हेही याच रीतीने कळले. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ भूकंप होऊन त्सुनामी आली, तेव्हा समुद्राच्या तळाचा खडक इतका सरकला की तिथली ओढ बदललेली ग्रेसला दिसली.

पृथ्वीच्या आकारावर लक्ष ठेवणारे दुसरे उपग्रह त्याहून जुने आहेत. 'लेजॉस' नावाचा ६० सेंटिमीटरचा एक गोळा १९७६ सालापासून फिरतो आहे. अंगावर ४२६ छोटे आरसे, आत ना बॅटरी ना यंत्र. जमिनीवरून लेसरचा झोत टाकायचा आणि परत यायला किती वेळ लागला ते मोजायचे. बिघडायला काही नाहीच, त्यामुळे तो अजून कामात आहे. असे यंत्र आपल्या पंपहाऊसला मिळाले असते तर!

२०२३ साली कोरियातले शास्त्रज्ञ सेओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक हिशेब मांडला. १९९३ ते २०१० या काळात जगभर जमिनीतून उपसलेले सुमारे २,१५० अब्ज टन पाणी अखेर समुद्रात गेले. वजन एका जागेवरून दुसऱ्या जागी गेले की फिरता भोवरा कलतो. पृथ्वी ज्या आसाभोवती फिरते त्याचे टोक या उपशामुळे सुमारे ८० सेंटिमीटर सरकले. त्यात उत्तर अमेरिकेचा पश्चिम भाग आणि आपला वायव्य भारत यांचा वाटा मोठा. शेतकऱ्याच्या मोटारीने पृथ्वीचा आस हलतो हे ऐकून हसू येईल, पण लाखो मोटारी आहेत.

मग आपले काय? आपल्या पाच जिल्ह्यांचे, म्हणजे पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि सोलापूरचे पाणी या काट्यावर किती भरते? हा प्रश्न हमखास येतो आणि याचे उत्तर सरळ द्यायला हवे. हा काटा फार मोठा आहे. साधारण ३०० किलोमीटर लांब आणि तितक्याच रुंद मुलखापेक्षा लहान क्षेत्राचे वजन त्याला नीट वेगळे काढता येत नाही. पाचही जिल्हे मिळून सुमारे ५७ हजार चौरस किलोमीटर होतात, ते त्याच्या एका घासाएवढेही नाहीत. शिवाय तो सगळ्या पाण्याचे एकत्र वजन देतो. धरणातले, मातीतल्या ओलीचे आणि विहिरीतले वेगळे करायचे तर पहिल्या दोन्हींचे आकडे दुसरीकडून आणून वजा करावे लागतात. धरणाचा आकडा पक्का मिळतो, ओलीचा अंदाजाने.

तेव्हा "उपग्रहात महाराष्ट्राचं पाणी बरं दिसतंय" असे कोणी म्हटले तर लगेच निर्धास्त होऊ नये. आपली आणि पंजाबची जमीन यांत मूळ फरक आहे. तिथे नदीने आणून टाकलेला गाळ शेकडो फूट खोल आहे, त्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे पाणी साठलेले. ते मोठे कोठार आहे, वर्षानुवर्षे उपसले तरी तळ दिसत नाही, म्हणून घट हळूहळू आणि लांबपर्यंत दिसते. आपल्याकडे राज्याचा पाचातला चार भाग काळ्या पत्थराचा. पाणी राहते ते मुरमात, मांजऱ्यात आणि खडकाच्या भेगांत. अशा खडकात दर शंभर भागांत काढता येण्याजोगे पाणी एक ते तीन भाग असते. विहिरीची पातळी एक मीटर उतरली म्हणजे एक मीटर पाणी गेले असे नाही. दोन टक्क्यांनी धरले तर फक्त २ सेंटिमीटर पाणी गेले. उलट बाजूने बघा. अर्धी पाळी, ते पंजाबातले ४ सेंटिमीटर, आपल्या खडकातून काढले तर विहीर दोन मीटर खाली जाते.

म्हणजे आपले कोठार नाही, रांजण आहे. चांगला पाऊस झाला की सप्टेंबरात काठोकाठ, आणि मेमध्ये खडखडाट. उपग्रहाच्या आकड्यांतही दख्खनचे असेच दिसते, दरवर्षी भरते आणि ओसरते. सरासरीत फारसे नुकसान दिसत नाही, कारण नुकसान करायला खाली मोठा साठाच नाही. पण सभासदाचा ऊस सरासरीवर उभा नसतो. विहीर फेब्रुवारीत आटते की एप्रिलमध्ये, यावर खोडवा ठेवायचा की मोडायचा हे ठरते. त्या दोन महिन्यांचा फरक आकाशातल्या काट्याला दिसत नाही. खोल बोअर मारून खालच्या भेगांतले पाणी आणले तर ते लवकर भरून येत नाही, आणि तेही त्याला दिसत नाही.

जमीन खचण्याचे प्रकार कॅलिफोर्नियात झाले. तिथे मेंडोटा गावाजवळ १९२५ ते १९७७ या काळात उपशामुळे जमीन सुमारे ९ मीटर खाली गेली. आपल्या पत्थरात तसे भय नाही, उत्तरेच्या गाळाच्या जमिनीत मात्र आहे. असे खचणे टिपणारा 'निसार' हा इस्रो आणि अमेरिकेचा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. तो बारा दिवसांनी त्याच जागेवर येऊन रडारने माप घेतो.

आपल्या विहिरीचे माप आपल्यालाच घ्यावे लागणार. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरवून दिलेल्या निरीक्षण विहिरींवर वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात पातळी घेते. पण प्रत्येक शिवारात तशी विहीर नाही. म्हणून शेतकी खात्याने साध्या वह्या छापून घेतल्या आहेत आणि त्या गट ऑफिसात ठेवल्या आहेत. माप पहाटे, मोटार चालू करण्यापूर्वी घ्यावे; रात्री वीज असून मोटार चालली असेल तर त्या दिवशी घेऊ नये. विहिरीच्या काठावर रंगाने एक खूण करावी आणि दर वेळी तिथूनच टेप सोडावा. काठ जमिनीपासून किती उंच आहे हे एकदा मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. बोअरमध्ये मोटार असताना दोरी अडकते, म्हणून पुढच्या वेळी मोटार वर काढाल तेव्हा तिच्याबरोबर पाऊण इंची पाइप खाली सोडून ठेवावा, त्यातून माप घेता येते. महिन्यातून एकदा जमले तर उत्तम. ते जमत नसेल तर मेअखेर आणि ऑक्टोबरअखेर ही दोन मापे चुकवू नयेत. शेजारच्या रकान्यात त्या महिन्याचा पाऊस आणि दिलेल्या पाळ्या लिहायच्या आहेत. लिहिता येत नसेल त्यांनी घरातल्या शाळकरी पोराला हाताशी घ्यावे. गटाचे कृषी सहायक दर तिमाहीला वही बघायला येतील.